अपडेटनंतर जुना लॅपटॉप मंदावला, तर आधी काय तपासावे

पाच-सात वर्षे नीट चाललेला लॅपटॉप विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर अचानक संथ होतो, ही तक्रार नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या विद्यार्थ्यापासून पिंपळगावच्या द्राक्ष व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणाऱ्यापर्यंत सगळीकडे ऐकू येते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चढवणाऱ्यांची भर त्यात पडली आहे. अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो, तो म्हणजे ‘फॉरमॅट मारून घ्या’. हा सल्ला घाईचा आहे. दोष हार्ड डिस्कमध्ये किंवा वाढलेल्या तापमानात असेल, तर फॉरमॅट करूनही यंत्र काही दिवसांत पुन्हा तसेच होते, आणि त्या गडबडीत वर्षभराचा टॅलीचा डेटा मात्र हातचा जातो. म्हणून यंत्राचा नेमका कोणता भाग अडला आहे, ते आधी पाहावे आणि मगच पैसे किंवा वेळ खर्च करावा.

सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. हे काम तपासणीनंतर करू म्हणून मागे ठेवू नये, कारण मंदावलेली डिस्क ही पुष्कळदा मरणासन्न डिस्क असते.

त्यानंतर यंत्राला थोडा अवधी द्यावा. मोठे अपडेट बसल्यावर विंडोज पडद्यामागे फाइलींची शोधसूची नव्याने तयार करते, सुरक्षेची तपासणी चालवते आणि उरलेले छोटे अपडेट उतरवून घेते. जुन्या डिस्कवर या कामांना एखाद-दोन दिवस लागू शकतात. लॅपटॉप चार्जरला जोडून, झोपू न देता, रात्रभर चालू ठेवला तर ही कामे लवकर आटोपतात. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. ‘फास्ट स्टार्टअप’ ही यंत्र लवकर सुरू करण्याची सोय चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्याने विंडोजचा गाभा पूर्णपणे बंद होत नाही, म्हणून यंत्र ताजेतवाने करायचे असेल तेव्हा ‘रीस्टार्ट’च निवडावे.

मोठ्या अपडेटमधून मागे फिरण्याची सोय साधारणपणे पहिले १० दिवसच असते. ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टीम’ आणि त्यातील ‘रिकव्हरी’ येथे ‘गो बॅक’ हा पर्याय मिळतो. जागा मोकळी करण्याच्या भरात जुने विंडोज जपून ठेवणारे ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर काढून टाकले, तर हा मार्ग त्याच क्षणी बंद होतो, त्यामुळे निर्णय होईपर्यंत त्याला हात लावू नये. अर्थात विंडोज १० वर परतणाऱ्याने हेही पाहावे की घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा योजना नोंदणी केल्यासच मिळते आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठरवलेली आहे.

दोन दिवसांनंतरही फरक पडला नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा आणि त्यातील ‘परफॉर्मन्स’ हे पान शांतपणे पाहावे. प्रोसेसर, मेमरी (रॅम) आणि डिस्क यांपैकी कोण थकले आहे, ते येथे उघड दिसते. माझ्या पाहण्यात जुन्या लॅपटॉपचे दुखणे बहुतेक वेळा डिस्कच्या रकान्यात सापडते. आलेख १०० टक्क्यांवर टेकलेला असतो, पण खाली वाचन-लेखनाचा वेग पाहिला तर तो सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी असतो, आणि प्रतिसादाचा सरासरी वेळ शेकडो मिलिसेकंदांत गेलेला असतो. याचा अर्थ डिस्क पूर्ण वेळ राबते आहे, तरी काम पुढे सरकत नाही. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला विखुरलेली माहिती गोळा करताना प्रत्येक जागी सुई न्यावी लागते आणि एकेका फेरीला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात; एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसल्याने तेच काम एका मिलिसेकंदाच्या आत होते. आजचे विंडोज एकाच वेळी अशी असंख्य लहान वाचने मागते, आणि मूळ दोष तेथेच आहे.

अशा वेळी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत साधन चालवून डिस्कची प्रकृती पाहावी. त्यात ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असा शेरा आला, तर दुरुस्तीच्या आज्ञा चालवत बसू नये. ‘चेक डिस्क’सारखी तपासणी संपूर्ण डिस्क पिंजून काढते आणि खचलेल्या डिस्कला तो ताण सोसवेलच असे नाही. आधी डेटा काढावा आणि नंतर डिस्क बदलावी.

डिस्क निरोगी असून मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर तेथे लक्ष द्यावे. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी असली, तरी तेवढ्या मेमरीत ब्राउझर आणि एक्सेल एकत्र चालवणे म्हणजे सतत अडखळणे होय. ८ जीबी हा व्यवहार्य आकडा आहे. ‘स्टार्टअप अॅप्स’मधून अनावश्यक कार्यक्रम बंद करावेत, दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा आणि सी ड्राइव्हवर निदान पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी.

प्रोसेसरचा वेग तपासताना मात्र तापमानाचा विचार केल्याशिवाय राहू नये. नाशिकची हवा थंड म्हणून नावाजलेली असली, तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला भिडतो, आणि सातपूर-अंबडच्या रस्त्यांवरची धूळ घरात व दुकानात वर्षभर येतच असते. लॅपटॉपचे मागचे झाकण उघडले की पंखा स्वच्छ दिसतो, पण पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत धूळ व तंतू यांचा गोधडीसारखा घट्ट थर बसलेला आढळतो. हवा तेथेच अडते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. अपडेटनंतरची पडद्यामागची कामे या तापमानात भर घालतात, म्हणून दोष अपडेटचा वाटतो. हा थर काढून प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारी, सुकलेली थर्मल पेस्ट बदलून घेतली, तर यंत्र पुष्कळ सुधारते. लॅपटॉप उशीवर किंवा गादीवर ठेवून वापरण्याची सवयही सोडावी.

अपडेटचा खरा दोष असतो तो बहुधा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे यंत्राचे भाग विंडोजला चालवता यावेत यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले अॅडाप्टर्स’खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर’ असे नाव दिसले, तर ग्राफिक्सचा मूळ ड्रायव्हर निघून गेला आहे असे समजावे. पान सरकवताना पडदा लटकणे आणि व्हिडिओ तुटक चालणे ही त्याची लक्षणे आहेत. लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्याच संकेतस्थळावरून, नेमका मॉडेल क्रमांक पाहून, ड्रायव्हर घ्यावा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ किंवा ‘पीसी बूस्टर’ अशा नावांनी मिळणारी साधने टाळावीत, कारण तीच पुढे नवी अडगळ होतात. पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ या वीज वाचवणाऱ्या पर्यायावर गेला आहे का, तेही पाहून घ्यावे.

विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही विंडोजच्या गाभ्याला घातक प्रोग्रॅमपासून जपणारी सुरक्षा चालू झालेली असेल, तर इंटेलच्या सातव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरवर तिचा भार जाणवतो. ती बंद केल्यास वेग मिळतो, पण संरक्षण घटते. बँकेचे व्यवहार त्याच यंत्रावर होत असतील तर ती चालूच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची ठरली, तर महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुकानात जाण्यापूर्वी मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा. जुन्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा अडीच इंची साटा (जुन्या जोडणीची) एसएसडीच बसते, आणि पट्टीसारख्या एसएसडीसाठीची एम डॉट टू खाच असली तरी ती एनव्हीएमई हा अधिक वेगवान प्रकार स्वीकारेलच असे नाही. मेमरीच्या बाबतीत डीडीआर थ्री आणि डीडीआर फोर एकमेकांच्या जागी चालत नाहीत, तर काही पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच जोडलेली असते. डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असल्यास मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून ती उघडणारा सांकेतिक क्रमांक, म्हणजे रिकव्हरी की, आधीच कागदावर उतरवून घ्यावी, नाहीतर ऐन वेळी आपल्याच डेटापुढे कुलूप लागते. दुकानदाराला लॅपटॉप देताना जुनी डिस्क परत हवी असल्याचे पावतीवर लिहून घ्यावे. ती निरोगी असेल तर थोडक्या किमतीच्या यूएसबी केसमध्ये बसवून रोजच्या बॅकअपसाठी वापरता येते. खराब असेल तरीही ती आपल्याच ताब्यात ठेवावी, कारण तिच्यावर आपली कागदपत्रे असतात.