पॅनिकवर कुठली थेरपी सरस? ठरवण्याआधी या चुका टाळा

‘हिचा गुण सत्तर टक्के, तिचा पन्नास, म्हणजे ही सरस.’ अ‍ॅगोराफोबिया (अटॅक आला तर सुटका नाही या भीतीने बाहेर पडणं, गर्दी, प्रवास टाळणं) आणि पॅनिकवरच्या (अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्यांवरच्या) उपचारांचा निवाडा इतक्या घाईने करणारे पावलोपावली भेटतात. एकीची तुलना प्रतीक्षा यादीशी, म्हणजे उपचाराविना थांबवलेल्या गटाशी, झालेली असते, दुसरीची खऱ्याखुऱ्या थेरपीशी. यादीत ताटकळणारा सहसा फारसा सुधारत नाही, मग पहिली आपसूक उंच दिसते. म्हणून आधी समोरचा गट बघायचा, टक्के मागाहून.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे उपचार चालू असतानाच विजेता ठरवणं. २००० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली ३१२ रुग्णांची चाचणी बघा. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी), इमिप्रामिन ही गोळी, दोन्ही एकत्र, सीबीटीसोबत प्लासिबो (औषध नसलेली खोटी गोळी) आणि नुसता प्लासिबो, असे पाच गट. तीन महिने दर आठवड्याला उपचार, गुण आलेल्यांना पुढे सहा महिने महिन्यातून एकदा. इथवर सीबीटी-गोळीची जोडी पुढे. सगळं बंद करून सहा महिने गेले आणि पारडं फिरलं: सीबीटीचा गुण जास्त टिकला, गोळीवाले घसरले, जोडीतलेसुद्धा. शिवाय चाचणीत अ‍ॅगोराफोबिया नसलेले किंवा सौम्य असलेलेच रुग्ण होते. उंबरठा न ओलांडणाऱ्याला हा निकाल कसा लावणार?

दुसरी खोड, ‘सीबीटी’ ही पाटी वाचून आत न डोकावण्याची. एकीकडे स्नायू सैल सोडणं शिकवतात. दुसरीकडे मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, खुर्चीवर गरगर फिरवतात, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगतात. धडधडलं म्हणजे जीव जात नाही हे अंगाला कळावं म्हणून. २०१८ साली थेरपीचे घटक सुटे करून झालेल्या विश्लेषणात हे व्यायाम आणि समोरासमोरची भेट फायद्याची ठरली, स्नायू-शिथिलीकरण नाही. ‘एक्स्पोजर’, म्हणजे भीती वाटते तिथे मुद्दाम जाणं, या शब्दालाही भुलू नका. माणूस बसने गेला खरा, पण दाराजवळच्या सीटवर, मुठीत फोन, खिशात ‘लागलीच तर’ म्हणून गोळी. वाचल्याचं श्रेय तो गोळीलाच देतो. हे आधार टप्प्याटप्प्याने काढले का, ते अभ्यासाच्या पद्धतीच्या भागात शोधा.

नुसते अटॅक मोजू नका. घरात कोंडून घेतलेल्याला ते कमीच येतात. पॅनिकची तीव्रता मोजणाऱ्या पीडीएसएस या प्रश्नावलीच्या सात प्रश्नांत टाळाटाळही मोजली जाते.

मध्येच सोडून गेलेले हिशेबात धरलेत का, तेही बघा. कठीण थेरपीत टिकून राहिलेलेच मोजले, तर ती हमखास चांगली दिसणार.