ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये टाकताच टायर किंचाळत होते: माझा अनुभव

लक्षण असं: ब्रेकवर पाय, लिव्हर पी (पार्किंग) वरून डी (ड्राइव्ह) वर, की गाडीला धक्का आणि मागच्या टायरचा ‘चिर्रक’. गुळगुळीत फरशीवर तर हमखास. इंजिन सहा सिलिंडरचं, ताकदवान.

आधी टायर बदलले, मग गिअरबॉक्सचं तेल, मग इंजिन माउंट. फरक शून्य. तेलाचे पैसे अजून सलतात.

खरा दोषी आयडल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग. इंजिन गरम, एसी बंद, तरी काटा १५०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे). हवा होता ७०० च्या आसपास. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा जोर तेलातून पुढे ढकलतो आणि तो जोर आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो. आरपीएम दुप्पट, तर जोर साधारण चौपट. त्यात पहिला गिअर तो आणखी वाढवतो.

सापडलं ते असं. हँडब्रेक, चाकांना ओट (ठोकळे), लिव्हर पी वर, इंजिन चालू. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या) पाइपांवरून फिरवलं (पंखा-पट्ट्यांपासून लांब). पीसीव्ही होजच्या (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी नळी) वळणावर सुस्स आवाज. खालच्या बाजूला, नजरेला न दिसणारी चीर! तिच्यातून जादा हवा आत जाऊन आयडल चढत होता. बोटाने दाबली, काटा लगेच खाली.

इंजिन गार झाल्यावर होज आणि दोन्ही क्लिपा नव्या टाकल्या. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पुसून घेतली, स्कॅनरने आयडल रीलर्न केलं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला आयडल नव्याने शिकवला. आता एन (न्यूट्रल) मध्ये ७००, आवाज बंद.

थंड इंजिन सुरू केल्यावर थोडा वेळ आयडल चढाच असतो, तो बिघाड नव्हे. काटा उतरल्यावरच गिअर टाका.