खाऱ्या पाण्याच्या छोट्या टँकमधले जीव अचानक मरू लागले तर

चाळीस-पन्नास लिटरच्या मरीन टँकमध्ये एका रात्रीत दोन-तीन जीव गेले की हात आपसूक औषधाच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. मरीन माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. ते श्रिम्प, गोगलगायी आणि कोरल यांच्या जिवावर उठतं, शिवाय लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले सच्छिद्र दगड) आणि वाळूत मुरून बसतं. आधी कारण शोधा.

पहिली दहा मिनिटं

एअर पंप लावा, पॉवरहेडचं (टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचं) तोंड पृष्ठभागाकडे वळवा. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. त्यात पुणे ५६० मीटर उंचीवर, म्हणजे आणखी थोडा कमी. पाणी तापलं की उरलासुरलाही घटतो.

मग टँकचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून ठेवा. पाणी बदलल्यावर पुरावा गेला! मेलेले जीव बाहेर काढा आणि बाकीच्यांची मोजदाद करा. गोगलगाय दिसत नसेल तर दगडांमागे शोधा, उचलून वास घ्या. मेलेल्या गोगलगायीचा वास एकदा आला की विसरत नाही, आणि एवढ्याशा पाण्यात तेवढी एक कुजली तरी अमोनिया चढायला पुरते.

आधी कोण गेलं?

निम्मं निदान इथेच होतं. मासे पहाटे वर येऊन धापा टाकत होते, मोठा आधी गेला, श्रिम्प मात्र ठणठणीत: प्राणवायू कमी पडला. मासे दोन-चार दिवसांत एकामागून एक गेले, अंगावर बारीक सोनेरी भुकटीसारखा थर होता आणि श्रिम्प-गोगलगायींना काहीच झालं नाही: व्हेल्व्हेट हा परजीवी रोग, बहुधा नव्या माशाबरोबर आलेला. श्रिम्प, हर्मिट क्रॅब, गोगलगायी आधी गेल्या आणि मासे पोहतायत: तांबं, कीटकनाशक किंवा क्षारतेचा (पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणाचा) झटका. सगळेच एकदम आजारले तर अमोनिया.

नवा मासा आणल्यानंतर तासाभरात तोच एकटा गेला, तर दोष बहुधा टँकचा नाही. लांबच्या प्रवासात पिशवीतल्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कधर्मी पातळी) उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया तितका जाचत नाही. पिशवी उघडून तासभर त्यात टँकचं पाणी थेंबथेंब सोडत बसलात की पीएच वर जातो. ७.२ वरून ८.२ वर गेला तर अमोनियाचा विषारी भाग जवळपास नऊपट होतो. लांबून आलेल्या माशासाठी तापमान आणि क्षारता आधीच जुळवून ठेवा, पिशवी उघडल्यावर वेळ घालवू नका आणि पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

मोजणी

क्षारता आधी मोजा. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की उघड्या टँकचं पाणी भराभर उडतं आणि मीठ मात्र मागे राहतं. ४० लिटरमधले ४ लिटर उडाले तर ३५ची (हजार भागांत ३५ भाग मीठ) क्षारता जवळपास ३९ होते. आठवडाभराची तूट एकदम गोडं पाणी ओतून भरून काढलीत, तर ती खाडकन खाली येते. मासा हे एखाद वेळी निभावून नेतो, श्रिम्प नाही. भर रोज थोडीथोडी घाला. काट्याच्या हायड्रोमीटरला बुडबुडे चिकटले की तो खोटं बोलतो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण) घ्या आणि तो ३५च्या प्रमाणित द्रावणावर जुळवा.

मग तापमान, अमोनिया, पीएच. खाऱ्या पाण्यात नायट्राइट (अमोनियापासून जिवाणू बनवतात ते) गोड्या पाण्याइतकं घातक नसतं, त्यामुळे तो आकडा पाहून घाबरू नका. अमोनिया मात्र शून्यच हवा.

भर घालायचं पाणीही तपासा. घरच्या प्युरिफायरचं पाणी चालेल असं अनेकांना वाटतं. पण त्यातली काही यंत्रं आरोग्यासाठी म्हणून पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात! आपल्याला ते सोसतं, श्रिम्पला नाही. तांब्याच्या हंड्यातलं पाणीही याच कारणासाठी नको. साधं आरओ घ्या, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्याच्या जवळ हवा. टँकरचं पाणी तर अजिबात नको.

घरात काय घडलं?

सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं का, डेंग्यूच्या दिवसांत धूरफवारणी झाली का, टँकशेजारच्या प्लगला डास पळवणारं लिक्विड लावलंय का, हे घरच्यांनाही विचारा. या औषधांतली पायरेथ्रॉइड्स पाण्यातल्या जिवांना फार थोड्या प्रमाणातही मारतात, आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली होती का? कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) काही तास बंद राहिला तर आतले जिवाणू गुदमरतात आणि वीज आल्यावर ती घाण टँकमध्ये येते. चालू करण्याआधी उघडून आतलं पाणी फेका. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावाच.

उपाय

पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, सगळं नाही. नवं पाणी लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम मीठ घालून, पंपाने ढवळून, तापमान आणि क्षारता जुळवून तयार हवं. म्हणून मिसळलेलं पाणी आधीच झाकून ठेवणारे अशा वेळी वाचतात. विषाचा संशय असेल तर ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी बदला. दोन दिवस खाणं बंद.

रोग असेल तर उरलेले मासे वेगळ्या, दगड-वाळू नसलेल्या टाकीत हलवा. तांब्याचं औषध तिथेच, आणि तेही तांब्याच्या टेस्ट किटने मोजत. मूळ टँकमध्ये श्रिम्प-गोगलगायी राहू द्या, पण मासा नको: व्हेल्व्हेटसाठी किमान सहा आठवडे, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी ७६ दिवस. दुकानदार लवकर चालेल म्हणेल. त्याला मासे विकायचे असतात.