घाटात उतरण्याआधी गाडी कशी तपासावी

साताऱ्याहून निघालं की बहुतेक दिशांना घाट लागतो. कासला जाताना यवतेश्वर, मेढ्यावरून महाबळेश्वरला केळघर, वाईहून पाचगणीला पसरणी, पाटणकडून चिपळूणला कुंभार्ली, पुण्याहून परतताना खंबाटकी. सपाट रस्त्यावर महिनोन्‌महिने न जाणवलेली खोट या रस्त्यांवर अर्ध्या तासात उघडी पडते. म्हणून खालची तपासणी महिन्यातून एकदा करावी, आणि घाटात जायचं असेल तर आदल्या दिवशी. घाईघाईत निघताना केलेली तपासणी टायरला लाथ मारून पाहण्यापुरतीच राहते.

वेळ सकाळची घ्या. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी असली पाहिजे, कारण टायरमधली हवा, ऑइल आणि कूलंट या तिन्हींचं खरं माप गाडी थंड असतानाच मिळतं. स्वतःचा एअर गेज, पांढरं फडकं आणि टॉर्च एवढं सामान पुरतं.

टायर

हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. पंपावर 'किती टाकू?' विचारलं की सवयीने 'बत्तीस' सांगितलं जातं. पण कुणाच्या गाडीला 30 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) लागते तर कुणाच्या गाडीला 36, आणि पाच माणसं व डिकीभर सामान असेल तर मागच्या टायरना जास्त सांगितलेली असते. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा टायर सोसू शकेल असा कमाल दाब आहे. तेवढी हवा भरायची नसते.

गाडी चालली की टायर तापतो आणि दाब चार-पाच पीएसआयने वाढतो. गरम टायरमध्ये गेजवर बरोबर दिसणारी हवा थंड झाल्यावर कमी भरते. त्यामुळे पंप घरापासून दोन-तीन किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर घरीच थंड टायर मोजा, किती कमी आहे ते लिहून घ्या आणि पंपावर तेवढीच वाढवा. गरम टायरमधली हवा 'जास्त झाली' म्हणून सोडू नका. एकाच टायरची हवा दर महिन्याला इतरांपेक्षा जास्त उतरत असेल तर त्यात खिळा, गळका व्हॉल्व्ह किंवा वाकलेली रिम आहे असं धरून पंक्चरवाल्याकडे न्या.

मग नक्षी पाहा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायरच्या खांद्यावर त्यांच्या जागी त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी खूण असते. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली म्हणजे खोली 1.6 मिलिमीटर उरली. कायद्याची मर्यादा तीच आहे. पण महाबळेश्वरच्या पावसात 1.6 वर भरवसा ठेवू नये. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकलं जात नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि त्या क्षणी स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही निकामी होतात. पावसाळ्यात घाटात जायचं असेल तर 3 मिलिमीटरला टायर बदलावा.

झीज कुठे झाली आहे त्यावरून कारण कळतं. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, मधोमध झिजला असेल तर जास्त. फक्त आतली किंवा बाहेरची एक कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलं आहे. हात फिरवल्यावर खड्डे-उंचवटे लागत असतील तर शॉकअॅब्सॉर्बर तपासायला सांगा. आतली कड उभ्याने दिसत नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवून, टॉर्च लावून पाहा. बाजूच्या भिंतीवर फुगा दिसला तर आतले धागे तुटलेले असतात. तो टायर दुरुस्त होत नाही, त्यावर घाट उतरू नका.

कडेवरचे शेवटचे चार आकडे टायरचं वय सांगतात: 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होतं आणि भेगा पडतात.

स्टेपनी सगळ्यात जास्त दुर्लक्षित. तिची हवा त्याच दिवशी मोजा. जॅक आणि पाना जागेवर आहेत ना, तेही पाहा. स्टेपनी इतर चाकांपेक्षा लहान किंवा अरुंद असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी 80 किलोमीटर, पाळावीच लागते.

बोनेटखाली

ऑइलची पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर थोडंथोडं घालत पुन्हा मोजा. कमालच्या वर भरलेलं ऑइलही इंजिनाला मानवत नाही. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात कूलंट मिसळतंय, गाडी चालवू नका.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बाहेरच्या पांढुरक्या टाकीवरूनच पाहायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. टाकीत नळाचं पाणी घालत राहिलात तर आत क्षार आणि गंज धरतो आणि चढावर काटा लाल पट्ट्याकडे जायला लागतो. दर महिन्याला पातळी उतरत असेल तर भरणं हा उपाय नाही, गळती शोधली पाहिजे.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर काढा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करून उलट क्रमाने जोडा. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते.

उसाच्या शेताजवळ गाडी लागत असेल तर बोनेटखाली उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरीही शोधा.

ब्रेक

इथे घाई नको. पसरणीत किंवा कुंभार्लीत ब्रेक जातो तेव्हा बहुतेकदा काही तुटलेलं नसतं. ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 3 आणि डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे दर्जे. ताज्या डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. डॉट 4 मध्ये हेच आकडे 230 आणि 155. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर असला की चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिला आवळणारे पॅड तापतात, उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते, ऑइल उकळून वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल थेट तळाला जातं आणि चाकाला काहीच कळत नाही. म्हणून ऑइल दिसायला चांगलं असलं तरी दर दोन वर्षांनी बदलून घ्या. आपल्याकडे दमट पावसाळ्याचे चार महिने आहेत, हा खर्च टाळण्यासारखा नाही. कुठलं घालायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ देऊ नका, सगळी रबरी सील फुगतात.

टाकीतली पातळी खाली गेली असेल तर लगेच भरू नका. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, ते स्वाभाविक आहे; पण अचानक उतरली तर गळती आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून ओल शोधा.

पॅड रिमच्या जाळीतून दिसतात. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटरचा असतो, तीनवर आला की बदला. ब्रेक लावताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे पॅड झिजल्याची सूचना देणारी पत्री डिस्कला लागते आहे. खरखर येत असेल तर लोखंडावर लोखंड घासतंय. मागे डिस्कऐवजी ड्रम असेल तर लायनर (ड्रमला आतून घासणारे पॅडसारखे तुकडे) बाहेरून दिसत नाहीत, सर्व्हिसिंगला ड्रम उघडून दाखवायला सांगा.

आता पेडलची परीक्षा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा भाग, काम करत नाही. मग इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) किंवा पाइप गळतो आहे. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. या तिन्हीपैकी काहीही असेल तर गाडी आधी मेकॅनिककडे.

हँडब्रेक उतारावरच तपासावा. रस्ता मोकळा पाहून, पाय पेडलजवळ ठेवून, हँडब्रेक ओढून न्यूट्रल करा. गाडी सरकली तर केबल ताणून घ्या.

दिवे, काच, वायपर

संध्याकाळी गाडी भिंतीजवळ उभी करा. हेडलाइटचे दोन्ही झोत, इंडिकेटर, पार्किंग दिवे भिंतीवर दिसतात. गाडी फिरवून मागचे ब्रेक दिवे आणि रिव्हर्स दिवा तसेच पाहा. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लागत असेल तर त्या बाजूचा बल्ब गेलेला असतो. हेडलाइटला जास्त वॅटचा बल्ब बसवू नका. होल्डर आणि वायरिंग वितळतं, आणि समोरच्याला काही दिसत नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री कारखान्यांच्या रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या हमखास भेटतात. तिथे तुमचा खालचा झोत दोन्ही बाजूंनी सारखा आणि काच स्वच्छ असणं यावरच सगळं अवलंबून असतं.

वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक होतं, म्हणून मे अखेर बदलावं. काच आतूनही पुसा. वर धुक्यात आतून काच धरली तर एसी चालू करून हवेचा झोत काचेकडे वळवा. नुसती फडक्याने पुसत राहिल्याने एक हात आणि अर्धं लक्ष जातं.

आत आणि खाली

प्रत्येक सीटबेल्ट, मागचेसुद्धा, झटक्याने ओढा. तो अडकलाच पाहिजे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो लागलाच नाही किंवा विझला नाही, तर एअरबॅग उघडेल याची खात्री नाही.

गाडी हलवून खालची जमीन पाहा. एसीचं स्वच्छ पाणी चालतं. हिरवा-गुलाबी डाग कूलंटचा, काळपट इंजिन ऑइलचा, चाकाजवळचा पिवळसर पातळ डाग ब्रेक ऑइलचा. रिमच्या आत ग्रीस उडालेलं दिसलं तर अॅक्सलचा रबरी बूट फाटला आहे. तो वेळीच बदलला तर खर्च बुटापुरता राहतो, नाहीतर पूर्ण जॉइंट जातो. नुसत्या जॅकच्या आधारावर गाडीखाली कधीही शिरू नका.

सीएनजी असेल तर टाकीजवळच्या पट्टीवरची तारीख पाहा. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी, दर तीन वर्षांनी लागते.

चालवून पाहणं

शेवटी मोकळ्या रस्त्यावर ताशी 40 च्या वेगात ब्रेक लावा. गाडी एका बाजूला ओढली तर त्या बाजूच्या किंवा तिच्या विरुद्ध बाजूच्या चाकाचा ब्रेक बिघडला आहे. पेडल थरथरलं तर डिस्क वाकडी झाली आहे.

उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा, तीव्र वळणात पहिल्यातही. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल किंवा खालचा गिअर निवडा. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरू नका. इंजिन बंद असताना बूस्टरची मदत दोन-तीन दाबांतच संपते, स्टीअरिंगही जड होतं. ब्रेक सतत धरण्यापेक्षा थोडा वेळ जोरात लावून सोडावा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क थंड होते. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, तर खालचा गिअर टाकून वेग तोडा, सुरक्षित रुंद जागा पाहून थांबा, चाकाखाली दगड लावा, मागे त्रिकोण ठेवा आणि अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते किंवा तडकते. थंड झाल्यावर पेडल पुन्हा वर आलं, तरी पुढे जाण्याआधी ते तीन वेळा दाबून पाहा. आलं नाही तर गाडी तिथेच ठेवून आपत्कालीन मदतीच्या 112 वर, किंवा राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 वर फोन करा.