ही विंडो कोणाच्या खात्यातली?

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातली लहानशी पेढी. संगणक एक, विंडोजमध्ये खाती दोन: रोजच्या बिलांसाठी ‘दुकान’ आणि जमाखर्चासाठी ‘हिशेब’. ‘दुकान’मध्ये लॉग-इन असतानाच शिफ्ट दाबून ठेवून एक्सेलच्या शॉर्टकटवर राइट-क्लिक केलं, ‘रन अ‍ॅज डिफरंट युजर’ निवडलं आणि ‘हिशेब’चा पासवर्ड दिला, की पडद्यावर दोन एक्सेल शेजारीशेजारी उभी राहतात. चौकट तीच, रंग तोच. चुकीच्या विंडोतून फाइल सेव्ह झाली तर ती भलत्याच खात्याच्या डॉक्युमेंट्समध्ये जाऊन बसते आणि मार्चअखेरीला शोधाशोध सुरू होते.

विंडोची चौकट आणि टास्कबार लॉग-इन केलेल्या डेस्कटॉपच्या थीमप्रमाणे रंगतात. खात्याची ओळख असते ती प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, जोडलेल्या टोकनमध्ये. टोकन म्हणजे विंडोजनं त्याला दिलेलं ओळखपत्र, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून खात्री करायची तर प्रोसेसलाच विचारायचं. नजरेनं पटकन ओळखण्यासाठी रंगाची खूण करता येते, पण ती कोणीही बदलू शकतं. पैशाच्या कामाआधी खूण बघून थांबू नका.

सर्वांत सोपी खात्री टास्क मॅनेजरमध्ये होते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. ‘प्रोसेसेस’मध्ये एक्सेलच्या नावाआधीचा बाण उघडला की आत विंडोचं शीर्षक, म्हणजे फाइलचं नाव दिसतं. हवी ती फाइल ज्या ओळीखाली असेल, त्या ओळीवर राइट-क्लिक करून ‘गो टू डिटेल्स’ निवडा. ‘डिटेल्स’मध्ये नेमकी तीच प्रोसेस निवडलेली दिसेल, तिच्यासमोरचं ‘युजर नेम’ वाचा. हा रकाना दिसत नसेल तर रकान्यांच्या शीर्षकावर राइट-क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून आणा, आणि आणताच आहात तर ‘एलिव्हेटेड’ही आणा, प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारांनी चालू आहे का ते त्यात कळतं. नावाची जागा रिकामी असेल तर टास्क मॅनेजर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ज्यांनी विंडोजची भाषा गुजराती ठेवली आहे त्यांना ही नावं बदललेली दिसतील, जागा त्याच.

एक्सेलमध्ये याहून जलद उपाय आहे. एफ १२ दाबा, सेव्हची चौकट उघडेल. तिच्या पत्त्याच्या पट्टीत पर्सेंटचं चिन्ह, ‘युजरप्रोफाइल’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत, पुन्हा पर्सेंटचं चिन्ह असं टाइप करून एंटर करा. ज्या खात्यातून एक्सेल चालू आहे, त्याच खात्याचा फोल्डर समोर येतो. मग एस्केप. फोल्डरच्या नावावरून मात्र घोळ होऊ शकतो: मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं बनवलेल्या खात्याचा फोल्डर बहुधा ईमेलच्या पहिल्या ५ अक्षरांचा असतो, आणि खात्याचं नाव नंतर बदललं तरी फोल्डर जुनाच राहतो. कोणत्या खात्याचा कोणता फोल्डर, हे एकदा कागदावर लिहून ठेवा. एक्सेलच्या ऑप्शन्समधल्या ‘युजर नेम’वर विसंबू नका. ते ऑफिसपुरतं नाव आहे, तिथे काहीही लिहिता येतं.

विंडो खूप असतील तर मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ घ्या. त्याच्या टूलबारवर नेमबाजीच्या खुणेसारखं चिन्ह आहे. ते माउसनं ओढून शंकास्पद विंडोवर सोडलं की तिची प्रोसेस यादीत निवडली जाते. ‘युजर नेम’चा रकाना ‘व्ह्यू’मधल्या ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून आणावा लागतो.

आता खूण. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी विंडो, ‘रनअ‍ॅज’ या दुसऱ्या खात्यातून प्रोग्राम चालवणाऱ्या कमांडनं उघडला तर शीर्षकातच ‘रनिंग अ‍ॅज’ आणि खात्याचं नाव येतं. त्या विंडोत ‘कलर’ लिहून स्पेस, ४ आणि एफ दिलं की पार्श्वभूमी लाल, अक्षरं पांढरी. हे त्या विंडोपुरतंच टिकतं. कायमचं हवं असेल तर त्याच विंडोच्या शीर्षकपट्टीवर राइट-क्लिक, ‘डीफॉल्ट्स’, ‘कलर्स’ असं जाऊन पार्श्वभूमी बदला. ही निवड त्या खात्याच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, राहते, त्यामुळे ‘हिशेब’चा असा प्रॉम्प्ट पुढेही लाल उघडेल, ‘दुकान’चा काळाच राहील. एक्सेलसाठी ‘फाइल’, ‘अकाउंट’मधली ऑफिस थीम एका खात्यात गडद ठेवा.

पासवर्डपाशी बरेच जण अडकतात. ‘रनअ‍ॅज’ पासवर्ड टाइप करताना तारेसुद्धा दाखवत नाही. कीबोर्ड गुजराती किंवा मराठीवर राहिला असेल तर चूक कळतच नाही आणि त्रुटी १३२६ येते. आधी विंडोज-की आणि स्पेस दाबून इंग्रजी करा. पिन इथे चालत नाही, पासवर्डच लागतो. पासवर्ड नसलेलं खातं १३२७ देतं, कारण रिकाम्या पासवर्डचं खातं फक्त प्रत्यक्ष लॉग-इनला चालतं. ‘सेव्हक्रेड’ हा पर्याय पासवर्ड लक्षात ठेवतो, पण त्यानंतर ‘दुकान’वर बसलेला कोणीही ‘हिशेब’च्या नावानं हवा तो प्रोग्राम चालवू शकतो. तो वापरू नका.

खात्याचं नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवा. जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये देवनागरी आणि गुजराती अक्षरांच्या जागी चौकोन येतात.

दोन ठिकाणी नाव वाचूनही फसगत होते. ‘रनअ‍ॅज’ला ‘नेटओन्ली’ जोडलं असेल तर नेटवर्कवर ‘हिशेब’, पण या संगणकावर ‘दुकान’ अशी दुहेरी ओळख असते. खात्याचं नाव सांगणारी ‘हूअ‍ॅमआय’ कमांड आणि टास्क मॅनेजर दोन्ही ‘दुकान’च सांगतात. दुसरं, साध्या खात्यात ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून मालकाच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड दिला, की तो प्रोग्राम मालकाच्या खात्यातून चालतो. नुसते अधिकार वाढत नाहीत, डॉक्युमेंट्स आणि सेटिंग्जही मालकाची लागतात. सॉफ्टवेअर बसवताना सेटिंग ‘गायब’ होतात ती बहुतेक यामुळेच. अशा विंडोत एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकली तर ती पडत नाही.

नेटवर्कवरचा झेड ड्राइव्ह एका विंडोत दिसतो आणि दुसरीत नाही, तेव्हा केबल तपासण्याआधी खातं तपासा. ड्राइव्हची अक्षरं प्रत्येक लॉग-ऑनपुरती वेगळी जोडलेली असतात. ‘हिशेब’च्या विंडोत तो पुन्हा जोडावा लागतो, नाहीतर दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण पत्ता द्यावा लागतो.