अमेरिकेचा फोन साताऱ्यात चालवायचा असेल तर

डिसेंबर लागला की पोवई नाक्यावरच्या माझ्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. हातात कोरा आयफोन नाहीतर सॅमसंग, चेहऱ्यावर लेकराचं कौतुक. "अमेरिकेहून आणलाय. सगळं झकास आहे, फक्त सिम तेवढं घेत नाही. बघ जरा." मी आपलं जिओचं सिम घालून बघतो. आयफोन असला तर पडद्यावर 'सिम नॉट सपोर्टेड' येतं, सॅमसंग असला तर नेटवर्क लॉकचा काहीतरी मेसेज. मग मला सांगावं लागतं, "काका, फोन एकदम चांगला आहे. फक्त तो लॉक आहे, म्हणजे तिकडच्या एकाच मोबाईल कंपनीच्या सिमवर चालतो. किल्ली तेवढी तिकडं राहिली."

ही किल्ली इथं बसून बनवता येत नाही, हे लोकांना पटत नाही. पटणार कसं? नोकियाच्या जमान्यात आम्हीच बनवून द्यायचो. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, त्यावरून कोड काढणारं सॉफ्टवेअर असायचं. स्टारचं बटण दोनदा दाबलं की अधिकचं चिन्ह, तीनदा दाबलं की पी, चारदा दाबलं की डब्ल्यू. तो मंत्र टाकला की फोन मोकळा. पाच वेळा चुकलात तर कायमचा बसला, म्हणून हात थरथरायचा, पण काम व्हायचं. आताच्या आयफोनचं लॉक फोनच्या पोटात नसतंच. तुमच्या आयएमईआयपुढे 'हा अमक्या कंपनीचा' अशी नोंद अ‍ॅपलच्या सर्व्हरवर असते आणि ती बदलायला त्या मोबाईल कंपनीनं 'हो' म्हणावं लागतं. मी कितीही स्क्रू काढले तरी ती नोंद माझ्या टेबलावर येत नाही.

कंपन्या लॉक कशाला करतात, तर उधारीपायी. आपल्याकडे फोन दुकानातून घ्यायचा आणि सिम आपल्या मर्जीचं, अशी सवय. जिओचा तो २०१७ चा बटणांचा फोन सोडला तर लॉक फोन साताऱ्यात फारसे कुणी बघितलेले नाहीत. अमेरिकेत मात्र बरेच जण मोबाईल कंपनीकडूनच हप्त्यावर फोन घेतात, २४ नाहीतर ३६ महिन्यांच्या. हप्ते फिटेपर्यंत फोनची दोरी कंपनीच्या हातात. इंग्लंडनं डिसेंबर २०२१ पासून, जपाननं ऑक्टोबर २०२१ पासून आणि कॅनडानं तर २०१७ च्या डिसेंबरपासूनच लॉक फोन विकणं बंद केलं. त्यामुळे टोरांटोचा भाचा नवा फोन घेऊन आला तर मी निवांत असतो. न्यू जर्सीचा आला की आधी विचारतो, "कुठनं घेतला? हप्ते फिटले?"

आता काय करायचं ते सांगतो. हे सगळं विमानात बसायच्या आधी, तिकडंच करायचं आहे.

आधी लॉक आहे का ते बघा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जाऊन खाली कॅरिअर लॉक शोधा (कॅरिअर म्हणजे मोबाईल कंपनी). तिथं 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलं असेल तर फोन मोकळा, पुढचं निम्मं वाचू नका. अँड्रॉइडमध्ये सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघणं. आई-वडील तिकडं गेलेले असतील तर त्यांच्या पाकिटातलं इथलं सिम घाला. लॉक असेल तर फोन लगेच तक्रार करतो. सिमचा खण नसलेला फोन असेल तर दुसऱ्या कंपनीचं ट्रायलचं ई-सिम, म्हणजे प्लास्टिकचं कार्ड न लागता फोनमध्येच उतरवायचं सिम, टाकून बघता येतं.

लॉक निघाला तर स्टार हॅश ०६ हॅश दाबा, १५ आकडी आयएमईआय येईल. तो वहीत उतरवा. मग कंपनीच्या अटी बघा. एटीअँडटी, टी-मोबाईल आणि व्हेरायझन या तिकडच्या मोठ्या मोबाईल कंपन्या. एटीअँडटीची अट अशी की फोन निदान ६० दिवस त्यांच्याकडे चालू असावा, पैसे पूर्ण फिटलेले असावेत, आणि तो हरवल्याची किंवा चोरीची नोंद नसावी. त्यांच्या साइटवर डिव्हाइस अनलॉकचा अर्ज आहे. अर्ज भरला की मेल येतो आणि त्यातल्या लिंकवर २४ तासांत क्लिक करावं लागतं. या २४ तासांवर बरेच जण पडतात, कारण मेल स्पॅममध्ये जाऊन बसतो आणि अर्ज रद्द होतो. टी-मोबाईलला पोस्टपेडवर ४० दिवस आणि पूर्ण पैसे लागतात. व्हेरायझनचे फोन २०१९ पासून ६० दिवसांनी आपोआप सुटायचे, म्हणून आमच्या धंद्यात त्या फोनला मान होता. पण २०२५ मध्ये कंपनीनं साठ दिवसांनी फोन सोडायच्या बंधनातून सुटका मिळावी म्हणून तिथल्या दूरसंचार आयोगाकडे, म्हणजे एफसीसीकडे, अर्ज केला. तेव्हा 'साठ दिवसांनी सुटतोच' या जुन्या माहितीवर विसंबू नका. फोन घेताना त्या दिवशीचं धोरण वाचा.

प्रीपेडचं गणित वेगळं आहे आणि तिथंच लोक जास्त फसतात. मोठ्या स्टोअरमध्ये टांगलेला स्वस्त प्रीपेड फोन बघून 'आईला एक घेऊ' असं वाटतं. स्वस्त असतो तो त्या लॉकमुळेच. एटीअँडटीच्या प्रीपेडला सहा महिने पैसे भरून सेवा चालवावी लागते, काही कंपन्यांत वर्षभर. भेट म्हणून देणार असाल तर फोन पाकिटातून न काढता आणू नका. अटीतले दिवस फोन सुरू केल्यापासून मोजतात, विकत घेतल्यापासून नाही.

एक बाई आल्या होत्या. लेक डॅलसला, फोन चांगला महागाचा. लेकीनं उरलेले सगळे हप्ते एकदम भरले, तरी फोन सुटेना. शेवटी उलगडलं की चार मैत्रिणींनी मिळून एक फॅमिली प्लॅन घेतला होता आणि खातं होतं एका रूममेटच्या नावावर. ती रूममेट लग्न करून दुसऱ्या राज्यात गेलेली, आणि खात्यावर कुणाचं तरी जुनं बिल थकलेलं. कंपनी म्हणे खातं स्वच्छ करा, मग बघू. त्यात दोन महिने गेले. तोवर बाई तो फोन घरच्या वायफायवर भजनं ऐकायला वापरत होत्या. तेव्हा विद्यार्थ्यांनो, आधी बघून घ्या की खातं कुणाच्या नावावर आहे. हप्ते एकदम फेडण्याआधी ऑफरही वाचा. 'फोन फुकट' म्हणजे बहुतेकदा दर महिन्याच्या बिलात थोडी थोडी सूट. लवकर फेडलं तर काही ऑफरींत उरलेली सूट जाते आणि फुकटचा फोन चांगलाच महाग पडतो.

मंजुरी आली की आयफोनला काही कोड लागत नाही. वायफायला जोडा आणि दुसरं सिम घाला, नोंद बदललेली असेल तर फोन ते घेतो. दुसरं सिम नसेल तर बॅकअप घेऊन फोनमधलं सगळं पुसून पुन्हा भरावं लागतं. टी-मोबाईलच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमध्येच नेटवर्क अनलॉकचा पर्याय असतो. 'मंजूर झालं' असा मेल आला म्हणून थांबू नका, वर सांगितलेली तपासणी पुन्हा करा.

कायद्याचं विचाराल तर जानेवारी २०१३ पासून नवा फोन कंपनीला न विचारता अनलॉक करणं अमेरिकेत बेकायदा झालं होतं. लोकांनी ओरड केली, व्हाइट हाउसकडे लाखावर सह्यांची मागणी गेली, आणि १ ऑगस्ट २०१४ ला ओबामांनी सही केलेल्या कायद्यानं ती बंदी उठली. पण त्याचा अर्थ कंपनीनं उधारी बाकी असताना फोन सोडून द्यावा असा होत नाही.

आता इथल्या जुगाडांबद्दल. सिमच्या खाली चिकटवायची पातळ चिप मिळते, ती फोनला फसवते. पुढचा अपडेट आला की फोन शहाणा होतो आणि गिऱ्हाईक माझ्या दारात. मी ती ठेवत नाही. ऑनलाइन पैसे घेऊन 'सर्व्हरवरून अनलॉक' करून देणारेही असतात. लॉस एंजेलिसच्या एका फोन दुकानदारानं कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे पासवर्ड पळवून हाच धंदा मोठ्या प्रमाणावर केला, २०२२ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. माझ्या धंदाबंधूची बातमी म्हणून मी ती नीट वाचली होती.

आणखी एक घोळ. आधीच्या मालकाच्या अ‍ॅपल खात्याचं किंवा गुगलचं लॉक हे वेगळं प्रकरण आहे. लेकानं वापरलेला फोन बाबांना देताना त्यातल्या स्वतःच्या खात्यातून बाहेर पडावं, नाहीतर कंपनीचं लॉक सुटूनही फोन पासवर्ड मागत बसतो आणि लेक तिकडं रात्री तीनला झोपलेला असतो.

अनलॉक झाला म्हणजे सातारा जिंकला असंही नाही. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनांना सिमचा खणच नाही, फक्त ई-सिम. बाबांचं छोटं प्लास्टिकचं सिम त्यात जाणार नाही. जिओ, एअरटेल आणि व्हीआय ई-सिम देतात, ते आधी करून घ्या. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, त्या दिवशी बँकेचं काम ठेवू नका. स्वस्त अमेरिकी अँड्रॉइडमध्ये इथले बँड, म्हणजे इथलं नेटवर्क ज्या लहरींवर चालतं त्या, नसण्याची शक्यता असते. जिओला कॉलसाठी व्होल्टीई, म्हणजे फोरजी नेटवर्कवरूनच बोलायची सोय, लागतं, ते काही परदेशी अँड्रॉइडवर चालू होत नाही. इंटरनेट पळतं आणि फोन लागत नाही, अशी गंमत होते.

एवढी कटकट नको असेल तर अ‍ॅपलच्या दुकानातून पूर्ण पैसे देऊन, 'कॅरिअर नंतर जोडू' हा पर्याय निवडून घ्या. तो पहिल्या दिवसापासून मोकळा असतो.

माझे नेहमीचे गिऱ्हाईक काका-काकू आता मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर हे पाठवतात, तुम्हीही पाठवा : "येताना फोन आणणार असशील तर हप्ते फेड. खातं कुणाच्या नावावर आहे ते बघ. अर्ज दोन महिने आधी कर. दुसरं सिम घालून फोटो पाठव. खण नसेल तर तेही सांग, म्हणजे इथलं ई-सिम करून ठेवतो." फोटो आला की तो मला दाखवा, बघायचे पैसे घेत नाही.