अनेकार्थी शब्दाला स्वतंत्र नोंद द्यावी का?
कोल्हापुरात 'तालीम' म्हणजे कुस्तीचा आखाडा, पेठेतले मंडळ आणि नाटकाचा सरावही. मग विश्वकोशात नोंदी किती कराव्यात, हा प्रश्न पडतो.

प्रत्येक अर्थाची व्याख्या एका वाक्यात लिहावी आणि त्यापुढे दोन परिच्छेद भरतील इतकी, केवळ त्याच अर्थाची माहिती विश्वसनीय ग्रंथांत मिळते का, ते तपासावे. आखाड्याची मिळते: लाल माती, वस्ताद, खुराक, शाहूकालीन राजाश्रय. सरावाचा अर्थ मात्र शब्दकोशातच शोभतो.

'शाहू महाराज' या नावाखाली साताऱ्याचे छत्रपती (१६८२–१७४९) आणि कोल्हापूरचे राजर्षी (१८७४–१९२२) असे दोघे येतात; तेथे दोन नोंदी हव्यातच, आणि मूळ नावावर निःसंदिग्धीकरणाचे पान, म्हणजे त्या नावाच्या वेगवेगळ्या नोंदींकडे वाट दाखवणारे पान, ठेवावे. त्या पानावर चरित्र लिहू नये, अन्यथा दोघांची माहिती एकमेकांत मिसळते.